किट नाही, खेळ नाही

मी कान धरून उठाबशा काढल्या. दहावी ‘ब’च्या चाळीसेक मुलामुलींसमोर, शाळेच्या मैदानात, भर दुपारी. तेव्हा माझं वय चौपन्न होतं. गळ्यात शिट्टी होती. छातीवर शाळेचं चिन्ह असलेला पांढरा टी-शर्ट होता. मी त्या शाळेचा पी.टी. मास्तर होतो.

आदल्या दिवशी एका मुलाला मी मैदानाला एक चक्कर मारायला सांगितली होती. सगळे मारत होते, तो मोबाइल घेऊन सावलीत उभा होता. तो चेअरमनचा नातू. स्टाफ त्याला ‘छोटे साहब’ म्हणायचा, पंधरा वर्षांच्या पोराला. दुसऱ्या दिवशी चेअरमन स्वतः मैदानावर आले. काठी टेकत, रुमालाने मान पुसत.

“मास्टरजी, पहले आप लगाइए चक्कर. बच्चे देखेंगे, तब ना सीखेंगे.”

मी हसलो. मला वाटलं, म्हातारा गंमत करतोय. ते हसले नाहीत. मी धावलो. परत आलो तर म्हणाले, “अब कान पकड़िए. पचास.”

मुलं बघत होती. नातू मात्र मोठ्याने मोजत होता. बत्तीसला माझा डावा गुडघा अडकला आणि मी जमिनीवर हात टेकले. चेअरमननी हात हलवला, बस म्हणून. मग वर्गाकडे वळून, अगदी शिकवण्याच्या सुरात बोलले, “इन लोगों को सीटी दे दो, तो ख़ुद को कलेक्टर समझने लगते हैं.”

इन लोगों को. माझी जात शाळेच्या कागदावर होती. माझ्या तोंडावर नव्हती, मी येऊ दिली नव्हती. आडनाव असं आहे की दिल्लीवाल्यांना काही कळत नाही. बारा वर्षं मी त्या शाळेत कुणाला ‘जय भीम’ म्हटलं नव्हतं. पण चेअरमनला माहीत होतं आणि त्या दिवसापासून चाळीस मुलांनाही.

मी कपडे झटकले. “सॉरी सर,” म्हणालो. हो, म्हणालो. मराठीत नाही, हिंदीत नाही, इंग्रजीत. त्यात कमी लाज वाटते असं तेव्हा वाटायचं.

इथपर्यंतची गोष्ट मी घरी अनेकदा सांगितली आहे. बायकोला, मुलांना, विहारातल्या मित्रांना. सगळ्यांनी चेअरमनला शिव्या दिल्या, मला चहा दिला. पुढच्या तासाला काय झालं ते मी कुणाला सांगितलं नाही. ते आता लिहितो.

पुढचा तास सातवीचा होता.

आमच्या शाळेत एक नियम होता. नो किट, नो गेम्स. शाळेच्या दुकानातले पांढरे बूट, पांढरी पॅन्ट, शाळेचा टी-शर्ट. यातलं एक जरी नसलं तरी खेळायचं नाही. मैदानाच्या कडेला कुंपणाची भिंत होती, तिला पाठ लावून पूर्ण तास बसायचं. किंवा मैदानातले खडे वेचायचे. मुलांनी या बसणाऱ्यांना नाव पाडलं होतं, ‘दीवार पार्टी’. शिक्षकही तेच म्हणायचे. “अरे, इसको दीवार पे बिठा दो.”

शाळा सरकारी जमिनीवर होती, त्यामुळे काही जागा गरीब घरच्या मुलांना फुकट द्याव्या लागत. दीवार पार्टी म्हणजे बहुतेक तीच मुलं. नियमात कुठे गरीब असा शब्द नव्हता, नियम बुटांचा होता. बूट कुणाकडे नसतात हे नियम करणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. नोव्हेंबरात धुरकं उतरायचं, मैदान बंद व्हायचं, सगळा वर्ग आत कॅरम खेळायचा. दीवार पार्टी फक्त त्या दिवसांत खूश दिसायची. हवा विषारी झाली की आमच्या शाळेत समता यायची.

सातवीत सुजाता होती. वडील कोपर्निकस मार्गावरच्या गेस्ट हाउसच्या किचनमध्ये. मूळ हिंगोलीकडचे, आमच्यातलेच. मुलगी दिल्लीत वाढलेली, तिचं मराठी निम्मं हिंदी. मी मराठी आहे हे तिला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं आणि तिला त्याचा फार आनंद झाला होता. बाकीच्यांना कळू नये एवढ्या आवाजात ती माझ्याशी मराठीत बोलायची. मी हिंदीत उत्तर द्यायचो.

ही मुलगी धावायची. मैदानात नाही. सुट्टीत पाण्याच्या टाकीपासून गेटपर्यंत, बस पकडायला, उगाच. माझ्या धंद्यातल्या माणसाला एका नजरेत कळतं. टाच जमिनीला लागायच्या आत पाय उचलला जायचा. खांदे सैल. तिला कुणी काही शिकवलेलं नव्हतं.

त्या दिवशी ती काळ्या बुटांत आली होती. तिच्याकडे तेवढेच बूट होते. मी भिंतीकडे बोट दाखवलं. ती गेली नाही. बूट काढले, मोजे आत कोंबले आणि अनवाणी उभी राहिली.

“सर, मी नंगे पैर पळते ना. मला काही नाही होत, सच्ची. आज रेस आहे.”

“बैठ जा.”

“सर, एकच राउंड. प्लीज ना सर.”

तासाभरापूर्वी माझा गुडघा जमिनीला लागला होता. कानात अजून त्या पोराची मोजणी चालू होती. आणि समोर ही. सगळ्या शाळेत मी जिच्यावर ओरडू शकत होतो आणि जिच्या घरून कुणीही विचारायला येणार नव्हतं अशी.

“कान पकड़. पचास.”

तिने कान धरले. मुलं हसायला लागली. कुणीतरी मोजायला सुरुवात केली. ती एकाच लयीत, न थांबता पन्नास करून उभी राहिली. धापही लागली नव्हती. मग माझ्याकडे बघून, मराठीत, म्हणजे फक्त मला कळेल असं म्हणाली,

“सर, आमच्या खिडकीतून दिसतं. मी तुमचेपण मोजले. तुम्ही बत्तीस केले.”

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो की होता, पण नव्हता. मला वाटतं, ती मला सांगत होती की तिला माहीत आहे. आपल्या दोघांचं एकच झालंय, असं. बारा वर्षांच्या पोरीने माझ्याकडे हात पुढे केला होता.

मी रजिस्टर उघडलं. तिच्या नावापुढे लिहिलं, ‘खेल में रुचि नहीं. स्वभाव उद्दंड.’ आणि शिपायाला सांगितलं, हिला दीवार पे बिठाओ, महिनाभर. बूट आणले तरी.

त्या वर्षी चौदा एप्रिलला विहारात माझं भाषण झालं. विषय स्वाभिमान. टाळ्या पडल्या. सुजाताचे वडील शेवटच्या रांगेत बसून ऐकत होते. नंतर येऊन म्हणाले, “सर, आमची पोरगी तुमच्या हाताखाली आहे, आम्हाला बिल्कुल टेन्शन नाही.” मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. हात ठेवला, हे लक्षात ठेवा.

मला अडाणीपणाची सबब नाही. मुलांचं शरीर कसं जागं होतं हे मला पुस्तकातून नाही, पायातून माहीत होतं. विदर्भातल्या एका झेडपीच्या शाळेत मी अनवाणी धावलो. तिथल्या मास्तरांनी पहिल्या दिवशी आम्हाला रांगेत उभं केलं. काही पोरांना बूट होते, आमच्या वस्तीतल्यांना नव्हते. मास्तर सगळ्यांना म्हणाले, “बूट काढा बे. आज जमीन कशी आहे ते बघू.” एवढंच केलं त्यांनी. पहिला कोण आला ते त्यांनी विचारलं नाही. “कोणाला मजा आली?” विचारलं. दुसऱ्या दिवशी तेच. वर्षभर तेच. मला तिथे कळलं की हे पाय माझे आहेत, आणि हे कळलेला माणूस मरेपर्यंत बसत नाही. मी आज सत्तरीत आहे, गुडघा बिघडलेला आहे, तरी रोज सकाळी चार किलोमीटर चालतो. डॉक्टरने सांगितलं म्हणून नाही. त्या मास्तरांनी साठेक वर्षांपूर्वी एक प्रश्न विचारला म्हणून.

म्हणजे मला किल्ली माहीत होती. माझ्या खिशात होती. आणि मी आयुष्यभर कुलुपं घालत राहिलो.

कशी घालायची तेही सांगतो, कारण हे फक्त आमच्या धंद्यातल्यांना माहीत असतं. दरवर्षी फिटनेस शीट भरायची असते, प्रत्येक मुलाची एक ओळ. सहाशे मीटर किती वेळात, पुशअप किती, वजन, उंची. नववी-दहावीचे बहुतेक गेम्स पिरियड गणित-विज्ञानवाले घेऊन जात. मुलं मैदानात आलेलीच नसत. मग मार्चमध्ये स्टाफरूममध्ये बसायचं, चहा मागवायचा आणि वेळा लिहायच्या. मुलगा बारीक असेल तर दोन मिनिटं वीस. जाडा असेल तर तीन दहा. दोघांच्या वेळा सारख्या येऊ नयेत म्हणून एक-दोन सेकंद इकडे तिकडे. हजारो मुलं मी अशी खुर्चीत बसून पळवली. छोटे साहबना मी सगळ्यांत जोरात पळवलं. वर प्रमाणपत्र दिलं: शाळेच्या ॲथलेटिक्स संघाचा कप्तान, चार वर्षं नियमित सराव. त्यावर माझी सही. त्या कागदावर त्याला एका नामी कॉलेजात खेळाडूंच्या कोट्यातून जागा मिळाली. सुजाताची ओळ मी चार वर्षं एकाच शब्दात भरली. ‘अनिच्छुक’.

शाळेने मला उत्कृष्ट शिक्षक म्हणून ढाल दिली.

पण एक सवय मला ट्रेनिंगमध्ये लागली होती, ती सुटली नाही. खिशात डायरी ठेवायची आणि रोजच्या तासाला कोण खरंच उतरलं, कोण बसलं, ते लिहायचं. शीट शाळेसाठी, डायरी माझ्यासाठी. का लिहीत होतो माहीत नाही. निवृत्त झालो तेव्हा अशा अकरा डायऱ्या घरी आणल्या. त्यात दीवार पार्टीची नावं आहेत, तारखांसकट.

गेल्या हिवाळ्यात विहारात सुजाता भेटली. तिने शाळा सोडल्यावर बारा-तेरा वर्षांनी. मी ओळखलं नाही, तिने ओळखलं. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एका ऑफिसात नोकरीला आहे. नवरा पण सरकारी. अंग सुटलेलं, दोन पायऱ्या चढल्या तर थांबत होती. सोबत सहा वर्षांची मुलगी. वंदना संपली, मोठी माणसं चपला शोधत होती, आणि ती पोर मोकळ्या अंगणात धावत सुटली. एक फेरी, दुसरी फेरी. मी बघत राहिलो. टाच जमिनीला लागत नव्हती.

सुजाता तिला म्हणाली, “बैठ जा.”

घरात मराठी बोलणारी बाई. मुलीशी सगळं मराठीत बोलत होती. हे दोनच शब्द हिंदीत आले. तिच्या तोंडातून माझा आवाज आला.

मी म्हणालो, “पळू दे ना गं तिला.”

तिने माझ्याकडे पाहिलं. “तुम्ही म्हणताय?”

मग आवाज न चढवता बोलली. “सर, मी परत कधीच पळले नाही. बस सुटली तरी नाही. लोक बघतायत असं वाटतं. डॉक्टर रोज वॉक सांगतात, मी पार्कच्या गेटपर्यंत जाऊन परत येते. आणि हिच्या शाळेत पण तेच आहे. तुमच्याच शाळेची द्वारकेची ब्रँच. बूट त्यांच्याच दुकानातले पाहिजेत, आणि हिच्या मापाचे तिथे नाहीत. तीन आठवडे झाले, दीवारवर बसतेय. मी म्हटलं, बस. सवय होईल.”

मी माफी मागायला तोंड उघडलं. ती म्हणाली, “नको. ते घरी जाऊन करा.”

महिनाभराने शाळेतून फोन आला. चेअरमन केव्हाच वारले होते, नातू आता डायरेक्टर आहे. आवाजात साखर. “सर, आप तो हमारे गुरु हैं.” शाळेला नमुना क्रीडाशाळा म्हणून मोठी मान्यता मिळवायची होती. ‘हर बच्चा, उम्रभर फिट’ असं काहीतरी घोषवाक्य होतं. त्यासाठी जुन्या वर्षांच्या फिटनेस शीट लावायच्या होत्या आणि तीन वर्षांच्या शीटवर माझी सही राहून गेली होती. शिवाय कार्यक्रमात माझा सत्कार. शाल, आणि दोन शब्द: शाळेतल्या व्यायामातून आयुष्यभराची गोडी कशी लागते.

मी गेलो. डायरेक्टरची केबिन मैदानाकडे तोंड करून आहे. काचेतून भिंत दिसत होती. भिंतीला पाठ लावून सहा-सात मुलं बसली होती. कॉफी आली. तो उठून पाया पडल्यासारखं वाकला, गुडघ्याच्या वरच हात लावला.

“सर, बस साइन ही तो करना है. यहाँ, यहाँ और यहाँ.”

मी शीट चाळल्या. माझंच अक्षर. सुजाताचं नाव. तिच्या वर-खाली अजून किती नावं. दीवार पार्टीतल्या सगळ्यांच्या पुढे तोच शब्द.

“वो पचास याद हैं?” मी विचारलं.

“कौन से पचास, सर?”

त्याला खरंच आठवत नव्हतं. मी त्याचे डोळे नीट पाहिले. तो खोटं बोलत नव्हता. मी सतरा वर्षं ते गुडघ्यात घेऊन चाललो, एका पोरीच्या अंगावर फेकलं, आणि ज्याने मोजलं त्याच्या डोक्यात ते एक दिवससुद्धा राहिलं नव्हतं. तेव्हा माझ्यात जे काही मऊ उरलं होतं ते संपलं.

मी पेन घेतलं. पहिल्या शीटवर, वेळांच्या रकान्यावर आडवं लिहिलं, ‘या वेळा खोट्या आहेत. मुलांना मैदानात उतरू दिलं नव्हतं. मी खुर्चीत बसून लिहिल्या.’ हिंदीतही लिहिलं, वाचता यावं म्हणून. खाली पूर्ण सही, आजची तारीख. मग दुसरी शीट. मग तिसरी. तो फोनवर होता. फोन ठेवून वाकून पाहिलं.

“ये क्या किया आपने?”

“साइन.”

तिन्ही कागदांचे फोटो मी तोवर काढले होते. त्याने कागद ओढून घेतले. त्याचा गोरा चेहरा लाल झाला आणि ‘गुरु’ गेला. “बुड्ढे, इसमें सबसे पहले तू ही फँसेगा. दस्तख़त किसके हैं?”

“माझे,” मी म्हणालो. त्या केबिनमध्ये पहिल्यांदा मराठीत. “तुझ्या प्रमाणपत्रावर पण माझेच आहेत.”

हे त्याला कळलं. मराठी येत नसली तरी कळलं. तो खाली बसला.

बाहेर पडताना मी मैदानातून गेलो. भिंतीजवळ थांबलो. मुलांना उठा म्हणालो नाही, मला आता तो अधिकार नाही आणि नाटक करायचं नव्हतं. फक्त सगळ्यांची नावं विचारून लिहून घेतली. एका मुलीने विचारलं, “अंकल, कम्प्लेंट करोगे?” मी हो म्हणालो.

त्याच आठवड्यात शिक्षण खात्याला लेखी जबाब दिला. अकरा पानं. अकरा डायऱ्यांच्या प्रती, तीन फोटो. शाळेचं नाव मी इथे लिहीत नाही, जिथे लिहायचं तिथे लिहिलंय. जबाबात पहिला आरोपी मी आहे. सुजाताबद्दलचा शेरा मी सूडाने लिहिला, मार तिसऱ्याचा होता आणि राग तिच्यावर काढला, हेही तसंच लिहिलं. दुसरा आरोपी डायरेक्टर: मी दिलेलं खोटं प्रमाणपत्र त्याने वापरलं. तिसरा तो नियम, मूळ शाळेत आणि दिल्लीतल्याच द्वारकेच्या ब्रँचमध्ये अजून चालू असलेला.

मुलाने जबाब वाचला. “बाबा, या वयात कशाला? लोक तुमच्यावरच थुंकतील.” बरोबर आहे. थुंकावं. शाळेने मला नोटीस पाठवली आहे, वयामुळे माझं मानसिक संतुलन बिघडलंय असं त्यात लिहिलं आहे. मी चालायला जातो त्या पार्कातल्या दोन जुन्या सहकाऱ्यांनी बोलणं सोडलं. त्यांच्याही सह्या आहेत काही शीटवर.

जबाबाची एक प्रत मी सुजाताला नेऊन दिली. तिने दारातच, उभ्याने वाचली. आत बोलावलं नाही. शेवटच्या पानावर येऊन म्हणाली, “साक्षीला मी येईन. पण तुमच्या बाजूने नाही येणार. तुमच्या विरुद्ध पण बोलीन, त्याच्या विरुद्ध पण.”

“तसंच पाहिजे,” मी म्हणालो.

“तसंच पाहिजे म्हणून नाही बोलत मी. तुम्हाला काय पाहिजे ते राहू द्या.”

दार लागलं.

मला कुणाची क्षमा मिळवायची नाही. ती मिळाली तर मी पुन्हा कुठेतरी भाषण देईन, मी स्वतःला ओळखतो. मला तो माणूस त्या केबिनमधून बाहेर आलेला पाहायचा आहे. त्याचं प्रमाणपत्र रद्द झालेलं पाहायचं आहे. त्यासोबत माझी ढाल जाईल, माझं नाव जाईल, माझ्या मुलांना माझं नाव सांगायची लाज वाटेल. जाऊ दे. बुडणार आहेच, तर त्याची कॉलर धरून बुडेन.

मंगळवारी सकाळी अकराला शिक्षण खात्यात सुनावणी आहे. ती पुढे ढकलतील, त्यांचे वकील तेवढ्यासाठीच आहेत. ढकलू देत. प्रत्येक तारखेला मी दहा वाजता जाऊन बसणार, पहिल्या खुर्चीवर, त्याच्या बरोबर समोर. आणि माझं नाव पुकारलं की उभा राहून पहिल्या पानापासून सगळं वाचणार. त्याच्या आजोबांच्या नावासकट. माझ्या नावासकट.

मी मंगळवारची वाट पाहतोय.